९७.९ एफएम: सालसाचं केंद्र ‘ट्रॉपिकल’ कसं झालं

न्यूयॉर्कच्या ९७.९ एफएमवर आता पूर्वीसारखा सालसा, म्हणजे कॅरिबियन नाचाचं संगीत, लागत नाही, ही तिथल्या जुन्या पोर्तोरिकन (पोर्तो रिको बेटावरून आलेल्या) श्रोत्यांची तक्रार वीसेक वर्षं चालू आहे. तक्रार खोटी नाही. पण या स्पॅनिश केंद्राची ओळख जाहिरातदारांपुढे मांडली गेली ती ‘ट्रॉपिकल’ म्हणून, आणि सगळा घोळ त्या एका शब्दात आहे.

आधी जागेविषयी. या लहरीवर पूर्वी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची भाषा, बोलली जायची. एका समाजवादी नेत्याच्या नावाने १९२७ साली निघालेलं हे केंद्र पुढे एका यिद्दिश वृत्तपत्राच्या संस्थेकडे गेलं. १९५०च्या आसपास तिथे मांबो या क्यूबन नाचसंगीताचेही कार्यक्रम लागत, कारण ब्रॉडवेवरच्या नाचघरांत ज्यू तरुणांची गर्दी पोर्तोरिकनांच्या खांद्याला खांदा लावून असे. १९८९मध्ये एका स्पॅनिश प्रसारण कंपनीने १०५०वरचं एएम केंद्र आणि वर रोख रक्कम देऊन ९७.९ पदरात पाडून घेतलं. कंपनीकडे ६२०वर एक एएम होतंच, आणि एका शहरात एकाच मालकाला दोन एएम ठेवायला तेव्हा बंदी होती. म्हणजे सालसाला न्यूयॉर्कमध्ये हे एफएम घर मिळालं, त्यात संगीतप्रेमापेक्षा परवान्याच्या नियमाचा हात मोठा.

तेही लगेच नाही. सुरुवातीची काही वर्षं इथे प्रेमगीतं वाजली. १९९३च्या सुमारास नाव बदललं, आणि सालसा आणि मेरेंगे (डोमिनिकन नाचसंगीत) यांचा धडाका सुरू झाला.

आता शब्दाकडे. ‘सालसा’ हेच मुळात दुकानदारी नाव, असं क्यूबाच्या बाजूचे लोक म्हणत आले: माल आमचा, म्हणजे सोन, ग्वाराचा, मांबो, डब्यावरची चिठ्ठी न्यूयॉर्कची. यात तथ्य आहे, पण चिठ्ठी पूर्णपणे न्यूयॉर्कची नाही. १९६६ साली व्हेनेझुएलातल्या काराकासच्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या नावातच ‘सालसा’ होतं, आणि त्याच वर्षी तिथल्या एका वाद्यवृंदाने शीर्षकात हा शब्द असलेली तबकडी काढली. न्यूयॉर्कच्या एका तबकडी कंपनीने तो १९७०च्या दशकात उचलला. २६ ऑगस्ट १९७१ला त्या कंपनीच्या कलाकारांनी एका क्लबमध्ये गाजवलेली रात्र, तिच्यावरचा सिनेमा, १९७३ साली यांकी स्टेडियममध्ये लोक मैदानात घुसल्यामुळे अर्धवट राहिलेला जलसा, या सगळ्यातून तो शब्द पोर्तोरिकन वस्त्यांचा झाला. नाव विकायला ठेवलं असेल, पण लोकांनी ते आपलं म्हणून घेतलं.

‘ट्रॉपिकल’चं तसं कधीच झालं नाही. कोणी माणूस ‘मी ट्रॉपिकल ऐकतो’ असं चारचौघांत म्हणत असेल, असं मला वाटत नाही. हा शब्द गोदामातल्या फळीवर लावायचा. मेक्सिकोत आणि कॅलिफोर्नियात त्याचा अर्थ मुख्यतः कुंबिया (मूळ कोलंबियाचं नाचसंगीत), न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये सालसा आणि मेरेंगे. १९८४च्या ग्रॅमी सोहळ्यात लॅटिन संगीताच्या एकाच पारितोषिकाचे तीन भाग झाले, तेव्हा एका भागाला ‘ट्रॉपिकल’ नाव मिळालं. पुढच्या वर्षी संगीतधंद्याच्या एका व्यापारी साप्ताहिकाने अल्बमांच्या खपाची यादी काढली, तिच्यावर ‘ट्रॉपिकल’ आणि ‘सालसा’ दोन्ही शब्द मध्ये तिरकी रेघ मारून छापले होते. ती तिरकी रेघ प्रामाणिक होती.

१९९४च्या ऑक्टोबरात गाण्यांची वेगळी यादी निघाली, आणि इथे गंमत झाली. ती यादी गाण्याचा प्रकार बघतच नव्हती. ट्रॉपिकल केंद्रांवर काय किती वेळा लागलं, एवढंच मोजायची. त्यामुळे ९७.९ने एखादं पॉप गाणं सारखं वाजवलं की ते ट्रॉपिकलच्या यादीत चढे. आणि यादीत आहे म्हणून दुसऱ्या गावचं ट्रॉपिकल केंद्र ते निर्धास्त वाजवी. शब्दाला काठच उरला नाही. केंद्राला ते सोयीचं होतं, हे सांगायला नको.

सोयीचं अशासाठी की श्रोता बदलत होता. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर डोमिनिकन कुटुंबं न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये येत राहिली. त्यांच्याबरोबर मेरेंगे आला, मागून बचाटा, जो त्यांच्या स्वतःच्या देशात दारूच्या गुत्त्यातलं गाणं म्हणून हिणवला जात होता. नावात ‘सालसा’ असतं तर प्रत्येक वळणावर पाटी रंगवावी लागली असती. सालसाची लांबीही आड आली. जुनी गाणी सहा-सात मिनिटांची; मधली कोंगा-ट्रम्पेटची बाचाबाची हाच त्यांचा जीव, आणि जाहिरातींच्या वेळापत्रकाला नेमकी तीच अडचण. वाजला तो सालसा रोमान्तिका: चार मिनिटं, गुळगुळीत, प्रेमभंग. १९९०च्या दशकाच्या अखेरीला हे केंद्र इंग्रजी केंद्रांनाही मागे टाकून शहरात पहिलं आलं, ते याच मिश्रणावर आणि सकाळच्या वात्रट गप्पांच्या कार्यक्रमावर.

२००५मध्ये शहरात रेगेटॉनला, म्हणजे पोर्तो रिकोतल्या रॅपच्या धाटणीच्या संगीताला, वाहिलेलं प्रतिस्पर्धी केंद्र उभं राहिलं, आणि ९७.९ने रेगेटॉनला दार मोठं केलं. पोरं तिकडे जाऊ नयेत, हा हिशेब. बापांचा सालसा शनिवार-रविवारी सरकला.

२००८ साली श्रोत्यांची मोजणीच बदलली. तोवर निवडक श्रोते आठवडाभर डायरी लिहीत. आता कमरेला पेजरएवढं यंत्र लावायचं, ते आवाजात लपवलेला संकेत टिपणार. डायरीत माणूस दिवसभर आपल्या आवडत्या केंद्राचं नाव लिहून मोकळा व्हायचा, यंत्राला ती भीड नव्हती. स्पॅनिश आणि कृष्णवर्णीय केंद्रांचे आकडे कोसळले. यंत्र दिलेल्या लोकांत आमची माणसं पुरेशी नाहीत, असं केंद्रांचं म्हणणं. राज्याच्या महाधिवक्त्याने मोजणी करणाऱ्या कंपनीवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खटला भरला, आणि जानेवारी २००९मध्ये तडजोड झाली. नमुना सुधारायचं कबूल झालं, यंत्र राहिलं.

व्यापारी साप्ताहिकाने २००५मध्येच रेगेटॉनसाठी ‘लॅटिन रिदम’ नावाची निराळी यादी काढली होती. पुढे ट्रॉपिकलच्या यादीचाही नियम बदलला: केंद्र कोणतंही असो, गाणं ट्रॉपिकल असलं तरच मोजायचं. त्या नियमाने बघितलं तर ९७.९वर आज लागणारं बरंचसं संगीत ट्रॉपिकलही नाही.