कॅप्सूल कॅमेरा गिळण्याआधी पोट कशाने साफ करावं?

दुर्बिणीने तपासताना डॉक्टर आत पाणी मारून घाण धुतात, ओढून घेतात. कॅप्सूलला ते जमत नाही. साधारण 26 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर जाड अशी ही गोळी आतड्याबरोबर सरकत समोर येईल त्याचे फोटो काढते. पित्ताचा फेस आला तर फेसाचे.

लहान आतड्याच्या तपासणीसाठी आम्ही सहसा पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पोट साफ करणारी पावडर) पुडी सुचवतो. एक पुडी, 2 लिटर पाणी. हे द्रावण अंगात जवळजवळ शोषलंच जात नाही, त्यामुळे क्षारांचा तोल फारसा ढळत नाही. चव खारट, बुळबुळीत. ती काही लपत नाही. गार करून दर 15 मिनिटांनी 250 मिलीचा एक पेला घ्या, म्हणजे दोन तासांत संपतं. मळमळलं तर अर्धा तास थांबा. साखर घालू नका. आणि 4 लिटर प्यायल्याने फोटो दुप्पट स्वच्छ येत नाहीत.

दुसरं औषध पिकोसल्फेट-मॅग्नेशियम. ते चवीला बरं आणि एका वेळचा डोस एका पेल्यात उरकतो. पण त्यातलं पिकोसल्फेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे काम करतं, लहान आतड्यात नाही, आणि औषध अंगातलं पाणी ओढतं. वरून भरपूर पाणी प्यायचं राहून गेलं की चक्कर येते. किडनीचा गंभीर आजार असेल तर हे नको.

सोडियम फॉस्फेट हे पोट साफ करायचं तिसरं औषध किडनीला इजा करू शकतं. आम्ही ते देत नाही. दुकानातून परस्पर आणूही नका.

सायमेथिकॉन हे पोट साफ करणारं औषध नाही, ते फेसाचे बुडबुडे फोडतं. म्हणून पेग घेतलं तरी हे लागतंच.

फोटो बिघडतात ते बहुधा घरच्या गोष्टींनी. लोहाच्या गोळ्यांचा काळा थर राहतो. डॉक्टरांना विचारून त्या आठवडाभर आधी थांबवा. इसबगोल फुगून चिकटतं. आदल्या दिवशी ‘उपासच आहे’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर सगळी मेहनत पाण्यात. कोकम सरबताचा लाल रंग रक्तासारखा दिसतो. गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा, शहाळ्याचं पाणी चालतं (किडनीचा त्रास असेल तर शहाळं विचारूनच).

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन उपाशीपोटी नेहमीसारखं घेऊ नका, मात्रा आधी ठरवून घ्या. कॅप्सूल गिळल्यावर 2 तासांनी पाणी, 4 तासांनी हलकं खाणं. ती शौचावाटे बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.