‘आमच्याकडे सगळे बरे आहेत’

साथ सुरू आहे. चाळीच्या सामाईक गॅलरीत उभी राहून आरोग्यसेविका विचारते, “घरात कुणाला ताप, खोकला?” शेजारच्या दोन्ही दारांत माणसं उभी. उत्तर ठरलेलं: “नाही ताई, आमच्याकडे सगळे बरे आहेत.” आत कॉटवरच्या माणसाने तासाभरापूर्वी पॅरासिटामॉल घेतलेली असते. कपाळासमोर तापमापी धरली तरी आकडा नॉर्मलच येण्याची शक्यता जास्त. वहीत ते घर निरोगी म्हणून लागतं.

असं उत्तर देणाऱ्याला खोटारडा म्हणू नये. २०२० मध्ये मुंबईने काय काय पाहिलं ते आठवा: हातावर शाईचा शिक्का, सील झालेल्या इमारती, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी नावं, घरकामाला जाणाऱ्या बायकांची सुटलेली कामं. खरं बोलायची किंमत त्याच संध्याकाळी मोजावी लागते. फायदा होतो तो इतरांना, आणि तोही डोळ्यांना दिसत नाही.

विषाणूचं मात्र यात चांगलंच फावतं. कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. म्हणजे ताप येतो तेव्हाच आपल्याला उशीर झालेला असतो. त्यात आणखी तीन-चार दिवस लपवण्यात गेले, की त्याच्याकडून लागण झालेली माणसंही पुढे लागण करू लागतात.

याहून वाईट एक चक्र आहे, आणि त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. सौम्य आजार घरातच दडपला गेला, तर रुग्णालयात पोहोचतात ते अगदी हाताबाहेर गेलेले रुग्ण. त्यातले बरेच दगावतात. मग रोग आहे त्याहून भयंकर वाटू लागतो, रुग्णालय मरणाचं घर ठरतं आणि पुढचा माणूस आणखी घट्ट दार लावून घेतो.

हे या शहरात आधी घडून गेलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाठोपाठ घरझडत्या आणि रुग्णांना सक्तीने हलवणं सुरू झालं. लोकांनी आजारी माणसं लपवली. अनेकांना शेवटच्या घटका मोजतानाच इस्पितळात आणलं गेलं. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं, त्यामुळे मृत्यू अटळच वाटायचे. पण तिथे माणसं मारतात, ही अफवा त्यातूनच पसरली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला.

धारावीत मात्र २०२० मध्ये पालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे पोरांचा ताप दाखवला, त्या डॉक्टरसमोर माणूस मोकळं बोलतो. आणि विचारायचं ते गॅलरीत नको. दार लोटून घ्यावं किंवा फोन करावा, आणि आधी सांगावं की तुमचं नाव कुणाला कळणार नाही, मग विचारावं की घरात रेशन आहे का, कामावर चिठ्ठी लागेल का. तापाचा प्रश्न त्यानंतर.