एकदाच मोजलेल्या रक्तदाबाने झाकलेला धोका

मोजमापात थोडीफार चूक राहिली तरी बिघडत नाही, माणसे पुरेशी घेतली की चुका एकमेकींना खोडून काढतात आणि शेवटी आकडा बरोबरच निघतो, असा समज चांगल्या शिकल्यासवरलेल्या वाचकांतही रुजलेला आहे. 'पाच लाख लोकांचा अभ्यास' असे बातमीत वाचले की आपला त्यावर चटकन विश्वास बसतो, तो याच समजापोटी. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वाढलेला रक्तदाब किती घातक असतो याचा अंदाज वैद्यकशास्त्र कित्येक वर्षे बराच कमी बांधत आले होते. ती तूट नेमकी किती, हे मोजून दाखवणाऱ्यांत ऑक्सफर्ड विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

पेटो डॉक्टर नाहीत. १९४३ साली जन्मलेल्या या संशोधकाने केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले, नंतर ते संख्याशास्त्राकडे वळले आणि साथरोगशास्त्रज्ञ रिचर्ड डॉल यांच्या सहवासात साथरोगशास्त्रात स्थिरावले. त्यांच्या कामाचा पसारा थक्क करणारा आहे. १९५१ साली सुरू झालेला ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास डॉल आणि पेटो यांनी पन्नास वर्षांपर्यंत नेला, आणि जन्मभर सिगारेट ओढणारा माणूस सरासरी दहा वर्षे आधी मरतो, हा निष्कर्ष २००४ साली मांडला. चेन्नईत सुमारे ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंची चौकशी करून धूम्रपान आणि क्षयरोगाचे मृत्यू यांचा संबंध दाखवणाऱ्या २००३ सालच्या अभ्यासातही ते सहभागी होते. यातल्या प्रत्येक कामावर स्वतंत्र लेख होईल. मला मात्र त्यांचे रक्तदाबावरचे काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात आधी केलेल्या मोजणीतून अधिक खरे उत्तर कसे काढावे हे शिकायला मिळते.

दीर्घकालीन आजारांचे अभ्यास साधारणपणे असे चालतात. निरोगी माणसे निवडायची, प्रत्येकाचा रक्तदाब नोंदवायचा, मग दहा-वीस वर्षे त्यांचा मागोवा घ्यायचा आणि कोणाला पक्षाघात झाला, कोणाला हृदयविकार जडला, हे पाहायचे. रक्तदाब सुरुवातीला बहुधा एकदाच मोजलेला असतो. पण रक्तदाब ही उंचीसारखी ठरलेली गोष्ट नव्हे. तो तासातासाला बदलतो, झोप, चालणे, चिंता, थंडी, दंडाला बांधायच्या पट्ट्याचे माप, मोजणाऱ्याची सवय या सगळ्यांमुळे वरखाली होतो. शरीरातील रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षे परिणाम करतो तो त्या माणसाचा नेहमीचा रक्तदाब, आणि संशोधकाच्या वहीत उतरतो तो त्या दिवशीचा.

आता या फरकाचा परिणाम पाहण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावाचा सरासरी वरचा रक्तदाब १३० मिलिमीटर आहे. माणसामाणसांच्या नेहमीच्या रक्तदाबात जो फरक आहे त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचे माप, १२ आहे, आणि एकाच माणसाच्या रक्तदाबात दिवसागणिक जो चढउतार होतो त्याचे प्रमाण विचलन ९ आहे. विचलने थेट बेरजेत येत नाहीत, त्यांचे वर्ग येतात: १४४ आणि ८१ मिळून २२५, म्हणजे प्रत्यक्ष नोंदींचे प्रमाण विचलन १५. या २२५ पैकी माणसामाणसांतला खरा फरक १४४ चाच आहे. १४४ भागिले २२५ म्हणजे ०.६४. पुढचा सगळा प्रकार या ०.६४ मध्ये साठलेला आहे.

ज्यांची नोंद १६० आली अशी सगळी माणसे बाजूला काढली, तर त्यांत दोन प्रकारचे लोक सापडतील. काहींचा रक्तदाब नेहमीच १६० च्या आसपास असतो. इतरांचा नेहमी १४५ किंवा १५० असतो, पण त्या दिवशी तो चढलेला होता. उलट, नेहमी १७० असणारा आणि त्या दिवशी १६० भरलेला माणूसही या गटात येतो, पण गावात १७० वाले मुळातच १५० वाल्यांपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे हे दोन प्रवाह समसमान होत नाहीत. गट करण्याच्या कृतीतच चुका एका बाजूला झुकलेल्या निवडल्या जातात. म्हणून या गटाचा नेहमीचा सरासरी रक्तदाब १६० नसून १३० अधिक ३० चे ०.६४ पट, म्हणजे सुमारे १४९ असतो. तसेच ज्यांची नोंद ११० आली त्यांचा नेहमीचा रक्तदाब सरासरीने सुमारे ११७ असतो. वहीत दोन गटांमधले अंतर ५० मिलिमीटर दिसते, प्रत्यक्षात ते ३२ च असते.

माणसे जास्त घेतल्याने यात काहीही सुधारत नाही. गावाऐवजी अख्खा देश घेतला तरी १६० चा गट १४९ चाच राहतो. फक्त तो १४९ चा आहे हे आपल्याला माहीत नसल्यामुळे चुकीचे उत्तर आपण अधिक आत्मविश्वासाने देतो. चूक जर आजाराच्या नोंदीत असती आणि ती स्वैरपणे दोन्हीकडे होणारी असती, तर मोठ्या संख्येने ती बऱ्याच अंशी पुसली गेली असती. चूक ज्या मापावरून गट पाडले त्या मापातच असेल, तर संबंध नेहमी सपाट दिसतो, आणि हा सपाटपणा संख्येला दाद देत नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ सालीच या घटनेचे गणित मांडले होते. वैद्यकीय संशोधनात त्याचा हिशेब धरायला फार उशीर झाला.

आता धोक्याचा हिशेब करू. नेहमीच्या रक्तदाबात २० मिलिमीटर वाढ झाली की मृत्यूचे प्रमाण दुप्पट होते असे धरा. आपल्या दोन गटांमध्ये खरा फरक ३२ मिलिमीटरचा असल्यामुळे वरच्या गटातील मृत्यू खालच्या गटाच्या सुमारे तिप्पट भरतील. संशोधक वहीतला फरक पाहून लिहील की ५० मिलिमीटर फरकाने धोका तिप्पट होतो. खरे उत्तर साडेपाचपटींहून अधिक आहे. अभ्यास जितका लांबतो तितकी सुरुवातीची नोंद अधिकाधिक शिळी होत जाते आणि ही तूट आणखी वाढते.

१९९० साली स्टीफन मॅकमाहन, पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ अभ्यासांतील सुमारे ४,२०,००० लोकांची माहिती एकत्र केली. दुरुस्तीसाठी लागणारा आकडा त्यांनी अंदाजाने ठरवला नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून त्याच त्या लोकांचा रक्तदाब दर दोन वर्षांनी मोजला जात होता. पहिल्या नोंदीवरून पाडलेल्या गटांची सरासरी काही वर्षांनी किती जवळ सरकते हे तेथे प्रत्यक्ष दिसत होते. त्या मापाने दुरुस्ती केल्यावर रक्तदाब आणि आजार यांचा संबंध आधीच्या समजुतीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक तीव्र निघाला. खालचा रक्तदाब दीर्घकाळ ५ मिलिमीटरने कमी असेल तर पक्षाघात किमान ३४ टक्के आणि हृदयविकार किमान २१ टक्के कमी, असे उत्तर आले.

त्याच वेळी पेटो यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी रोरी कॉलिन्स यांच्या पुढाकाराने औषधांच्या १४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. औषधांनी खालचा रक्तदाब ५ ते ६ मिलिमीटर उतरला होता आणि पक्षाघात ४२ टक्क्यांनी घटले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दुरुस्ती न केलेल्या जुन्या संबंधावरून इतक्या उतारासाठी सुमारे एक चतुर्थांश घटीचीच अपेक्षा करता आली असती, आणि औषधे अपेक्षेपेक्षा इतकी सरस कशी ठरली हे कोडे होऊन बसले असते. दुरुस्तीनंतर कोडे उरत नाही: वाढत्या रक्तदाबाने पक्षाघाताचा जितका धोका वाढतो, तो जवळजवळ सगळा काही वर्षांच्या औषधोपचाराने परत फिरवता येतो.

२००२ साली ऑक्सफर्डहून समन्वय केलेल्या आणखी मोठ्या संकलनात ६१ अभ्यासांतील दहा लाख प्रौढांची माहिती तपासली गेली. ४० ते ६९ या वयात नेहमीच्या वरच्या रक्तदाबात २० मिलिमीटरचा फरक असेल, तर पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत दुपटीहून अधिक आणि हृदयविकाराच्या मृत्यूंत दुपटीचा फरक पडतो, हे त्यात दिसले. माझ्या मते याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की ११५/७५ पर्यंत खाली गेले तरी धोका थांबतो अशी कोणतीही पायरी सापडली नाही. १३९ म्हणजे निर्धास्त आणि १४० म्हणजे आजारी, असे शरीराला ठाऊक नसते. ती रेघ उपचार कधी सुरू करायचे हे ठरवण्याच्या सोयीसाठी ओढलेली आहे.

याच गणितावर बराच बाजारही चालतो. आपल्या गावातील १६० वाल्यांना काहीही न देता महिन्याभराने पुन्हा बोलावले, तर त्यांची सरासरी १४९ भरेल. त्यांच्या मनगटावर मधल्या काळात चुंबकीय पट्टा बांधला असेल तर पट्ट्याने ११ मिलिमीटर रक्तदाब उतरवला असे विक्रेता सांगेल, आणि पट्टा बांधणारा तशी साक्षही अगदी प्रामाणिकपणे देईल. तुलनेसाठी पट्टा न बांधलेला गट सोबत नसेल, तर अशा अनुभवांना पुरावा म्हणून शून्य किंमत आहे.

दुरुस्तीच्या या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एकच माप चुकत असेल तर संबंध सपाट होतो एवढे खात्रीने सांगता येते, पण सोबत गल्लत घडवणारा दुसरा घटकही चुकीचा मोजला गेला असेल तर आकडा कोणत्याही दिशेने सरकू शकतो. गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या बीटा-कॅरोटीन या द्रव्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ज्यांच्या आहारात किंवा रक्तात हे द्रव्य जास्त, त्यांना कर्करोग कमी, असे अनेक अभ्यासांत दिसत होते. १९८१ साली पेटो, डॉल आणि इतर दोघांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हा प्रश्न सावधपणे, प्रश्न म्हणूनच मांडला आणि चाचणी हवी असे सांगितले. गोळ्या विकणाऱ्यांना चाचणीपर्यंत थांबण्याचे कारण वाटले नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य कमी असते, आणि कोण किती ओढतो याची नोंद कधीच पुरती अचूक नसते, त्यामुळे धूम्रपानाचे काही पाप कॅरोटीनच्या अभावावर लोटले जाऊ शकते. १९९४ साली फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतील दुसरी चाचणी अशाच कारणाने १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली.

कोणाला औषध मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवले, की मोजलेले आणि न मोजलेले असे सगळे घटक दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जातात. असे वाटप मोठ्या संख्येवर करावे, हा पेटो आणि कॉलिन्स यांचा आग्रह होता, आणि १९८८ ची 'आयसिस-२' ही औषधचाचणी त्याची सर्वांत ठळक फलश्रुती. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालये; ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी, रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाने २५ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी कमी केले. रुग्णांचे वेगवेगळे उपगट पाडून निष्कर्ष काढण्यातला धोका दाखवण्यासाठी संशोधकांनी जन्मतारखेवरून रुग्णांच्या राशीही लावल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिनने मृत्यू ९ टक्क्यांनी वाढलेले दिसले, उरलेल्या दहा राशींत मात्र २८ टक्क्यांनी घटलेले. सतरा हजारांचे बारा तुकडे केले की प्रत्येकात सुमारे चौदाशे माणसे उरतात, त्यांतले मृत्यू आणखी थोडे, आणि इतक्या थोड्या मृत्यूंत निव्वळ योगायोगाने असा फरक सहज पडतो. वयाचे, लिंगाचे किंवा आधीच्या आजाराचे उपगट पाडले तरी योगायोगाचा हा वाटा तेवढाच राहतो. फरक इतकाच, की तिथे मिळणारे उत्तर राशीइतके हास्यास्पद वाटत नाही आणि म्हणून ते खरे मानले जाते.