वेबसाइटच्या फॉर्मचा मेल कोरा येतोय? फोन करण्याआधी हे वाचा

"इन्क्वायरीचे मेल येतात पण आत काहीच नसतं, तुमचा सर्व्हर बघा जरा." हा फोन आम्हाला इतक्यांदा येतो की शेवटी म्हटलं लिहूनच देऊ. सर्व्हर आम्ही बघतोच, पण बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

घोळ असतो फॉर्मच्या रकान्यात. पान नवीन करून घेताना डिझायनर किंवा घरातला इंजिनियरिंगवाला भाचा कोडमध्ये रकान्याला आयडी (id) देतो आणि नेम (name) द्यायचं विसरतो. आयडी लागतो तो पानावरच्या स्टाईलला, जावास्क्रिप्टला, सर्व्हरकडे माहिती जाते ती नेमनेच. नेम नसलं तर ब्राउझर तो रकाना पाठवतच नाही, वर एररही दाखवत नाही, "धन्यवाद"चं पान मात्र झोकात उघडतं. स्पेलिंगही आमच्या स्क्रिप्टमधलंच हवं, पीएचपीला (आमची स्क्रिप्ट ज्या भाषेत आहे ती) कॅपिटल एम आणि स्मॉल एम वेगळे वाटतात.

घंटाळीजवळच्या एका क्लासवाल्या मॅडमचं ऐन ॲडमिशनमध्ये हेच झालं, पालकांचं नाव यायचं, मोबाईल नंबर कोरा. एक नेम टाकलं, चालू झालं. पण आधीचे नंबर काढून द्या म्हणाल्या, ते कुठून देणार, जे ब्राउझरमधून निघालंच नाही ते आमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, कसं सापडेल?

तपासायचं कसं, तर क्रोममध्ये एफ-12 दाबा, नेटवर्कमध्ये जा, प्रिझर्व्ह लॉगला टिक करा (नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते), फॉर्म भरून सबमिट करा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करून पेलोड (ब्राउझरने पाठवलेली माहिती) बघा. तिथे रकाना नसेल तर चूक पानातच. रकाने तिथे असूनही मेल कोरा येत असेल तर ॲक्शनमध्ये (फॉर्म कुठे पाठवायचा तो कोडमधला पत्ता) जुना एचटीटीपीवाला पत्ता राहिलाय का बघा, एचटीटीपीएसवर वळताना पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) होतं आणि सगळं गळतं.

बाकी किरकोळ: टिक न केलेला चेकबॉक्स जात नाही, डिसेबल केलेला रकानाही जात नाही, तिथे रीडओन्ली वापरा. फाईल जोडायची असेल तर फॉर्मच्या कोडमध्ये एनकटाईप (enctype) मल्टिपार्ट हवंच. आणि पीएचपीची मूळ मर्यादा एका फाईलला 2 एमबी, अख्ख्या फॉर्मला 8 एमबी, ही दुसरी ओलांडली की नाव-नंबरसकट सगळंच रिकामं येतं. मर्यादा वाढवून हवी तर सांगा, त्याचे पैसे घेत नाही.

आम्ही आधी पेलोडचा स्क्रीनशॉट मागतो याचा काहींना राग येतो, पण त्याने दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत होतं. फॉर्म आम्ही बनवलेला असेल तर दुरुस्ती फुकट, बाहेरच्याने हात लावला असेल तर अर्ध्या तासाचा चार्ज लागतो. वार्षिक मेंटेनन्सवाल्यांना तोही नाही, त्यांचं पान बदललं की टेस्ट एन्ट्री आम्हीच मारून बघतो.

व्हॉट्सॲपवर पानाची लिंक आणि स्क्रीनशॉट टाका. मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढू नका प्लीज, त्यात रकान्याचं नाव वाचताच येत नाही.