तिरक्या टोकाची करामत

रस्त्याच्या कडेला तिरकं रोवलेलं यंत्र, त्यावर पोलादी रॉडची चवड, शेजारच्या टाकीत ढवळला जाणारा राखाडी चिखल, आणि हातात मीटर धरून खाली बघत रस्त्यावरून चालणारा एक माणूस. शहरात गॅसची किंवा फायबरची लाइन टाकताना हल्ली हे दृश्य बऱ्याचदा दिसतं. चर कुठेच नाही, म्हणून अशा कामाला ‘विनाखोदाई’ म्हणतात. इथे एक खड्डा, शंभरेक मीटरवर दुसरा, आणि मधली वाहतूक चालू. साइटवर या यंत्राला एचडीडी (हॉरिझाँटल डायरेक्शनल ड्रिलिंग, म्हणजे दिशा देत आडवं भोक पाडणारं) मशीन म्हणतात.

जमिनीत शिरलेला रॉड वळतो कसा? सगळी गंमत त्याच्या टोकात आहे. हे टोक एका बाजूने तिरकं कापलेलं असतं. रॉड फिरवत पुढे रेटला की भोक सरळ जातं. फिरवणं थांबवून नुसता रेटला की माती त्या तिरक्या पात्याला एका बाजूला ढकलते, आणि टोक तिकडे झुकतं. दिशा घड्याळाच्या आकड्यांत मोजतात. पातं बारावर ठेवून रेटलं तर टोक वर येतं, सहावर खाली जातं, तीनवर उजवीकडे वळतं. टोकाच्या मागे बॅटरीवर चालणारा ट्रान्समीटर असतो. त्याची खोली किती, उतार किती, पातं कितीवर, हे सगळं वरून चालणाऱ्याच्या मीटरवर उमटतं.

टोक पलीकडच्या खड्ड्यात निघालं की ते काढून रीमर, म्हणजे भोक रुंद करणारं डोकं, बसवतात. तो मागे ओढत भोक पाइपच्या साधारण दीडपट रुंद करतात आणि शेवटी रीमरच्या मागे जोडलेला पाइप ओढून घेतात. दोघांमध्ये फिरता सांधा असतो, नाहीतर रीमरबरोबर पाइपही पिळला जाईल. राखाडी चिखल म्हणजे पाण्यात कालवून पंपाने भोकात सोडलेली बेंटोनाइट नावाची चिकणमाती. या मातीचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. ढवळत राहिलं की हा चिखल पातळ, थांबलं की घट्ट. त्यामुळे पंप बंद झाला तरी भोक ढासळत नाही. दाब जास्त झाला मात्र की तो फट शोधतो आणि कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये वर येतो.

१९७१ मध्ये मार्टिन चेरिंग्टन या अमेरिकी कंत्राटदाराने कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून याच पद्धतीने गॅसची लाइन नेली. तिथली जमीन मऊ होती. आपल्याकडे मुरूम असेल तर काम झटपट होतं, पण मध्येच काळ्या दगडाचा गोटा लागला की टोक भरकटतं. अखंड बसाल्टमध्ये वेगळं टोक आणि वेगळी मोटर लागते, आणि खर्चही वेगळाच.

योगायोग असा, की त्याच १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड यांनी शंभर वर्षं जुनी विटांची मलवाहिनी न खोदता दुरुस्त केली. या रीतीत आता सहसा रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची लांब पिशवी पाण्याच्या दाबाने मोज्यासारखी उलटवत आत सोडायची, मग तेच पाणी तापवायचं. रेझिन कडक झालं की जुन्या वाहिनीच्या आत नवी तयार. पण घराघरांतून येणारी जोडणीची तोंडंही त्यात बुजतात. कॅमेरा लावलेला छोटा यंत्रमानव आत जाऊन ती एकेक कापून मोकळी करतो. तोवर त्या घरांनी सांडपाणी बेताने सोडायचं.

तिसरी रीत धसमुसळी आहे. जुन्या ओतीव लोखंडी पाइपमधून शंकूच्या आकाराचं डोकं ओढायचं. जुना पाइप आतून फुटतो, तुकडे मातीत दाबले जातात, मागोमाग नवा पाइप येतो, हवं तर थोडा मोठाही. मात्र खडक फोडून केलेल्या चरात हे जमत नाही, कारण तुकड्यांना सरकायला जागाच नसते. शिवाय प्रत्येक घराच्या जोडणीपाशी खड्डा आलाच. ‘विनाखोदाई’ हे नाव जरा उदारपणेच दिलेलं आहे.

खरी मेख पुढे आहे. चर खणताना वाटेत काय आलं ते डोळ्यांना दिसतं. ड्रिलला दिसत नाही. ट्रान्समीटर सांगतो टोक कुठे आहे. वाटेत त्याने काय भोसकलं, ते सांगत नाही. भूभेदी रडार मदत करतं, पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. प्लास्टिकचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही, म्हणून त्याच्यासोबत तांब्याची तार पुरावी लागते. आपल्याकडे खोदणाऱ्याने आधी संबंधित संस्थांना कळवावं यासाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणलं. पण कोणती वाहिनी कुठून जाते याची नोंदच चुकीची असेल, तर अ‍ॅप तरी काय करणार?

१९७६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा इथे एका घरात स्फोट झाला. चौकशीत निघालं, की गॅसचा प्लास्टिक पाइप जमिनीखालून नेताना घराच्या मलवाहिनीतून आरपार गेला होता. कुणाला पत्ताच नव्हता. पुढे वाहिनी तुंबली, ती मोकळी करायला फिरतं पातं आत घातलं, आणि त्या पात्याने गॅसचा पाइप कापला. म्हणून आता जाणते कंत्राटदार गॅसचा पाइप ओढून झाल्यावर आजूबाजूच्या मलवाहिन्यांमध्ये कॅमेरा सोडून बघतात, आणि ड्रिल करण्याआधी जिथे जुनी वाहिनी आडवी जाते असा संशय असेल तिथे कुदळ-फावड्याने हाताने खड्डा घेऊन ती डोळ्यांनी पाहतात.