क्लायंट आयडेंटिफायर

वेब अ‍ॅपचे हजारो युजर एकाच डेटाबेस लॉगिनमधून आत येतात, तेव्हा आत्ताची क्वेरी कुणासाठी चाललीय हे कळावं म्हणून सेशनवर (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीवर) लावलेली नावाची चिठ्ठी. नाव ओरॅकलचं, सोय बाकी डेटाबेसांतही आहे.

माणशी एक डेटाबेस खातं असायचं तेव्हा ऑडिटमध्ये (कुणी काय केलं त्याच्या नोंदीत) नाव आपसूक यायचं. साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेब अ‍ॅपसाठी कनेक्शन पूल (उघडी ठेवून आळीपाळीने वापरायची मोजकी कनेक्शनं) रुळले आणि सगळीकडे एकच नाव दिसायला लागलं. चिठ्ठीचं मूळ ओरॅकलच्या ९आय आवृत्तीत धरतात, पण त्याआधी डीबीएमएस_अ‍ॅप्लिकेशन_इन्फो पॅकेजातलं क्लायंट इन्फो होतंच, तेही ६४ बाइटचं, आणि लोक त्यातच युजरचं नाव कोंबायचे, त्यामुळे मूळ तिथंच धरणं जास्त पटतं. आधीच्या ८आय आवृत्तीतलं प्रॉक्सी ऑथेंटिकेशन (एका लॉगिनने दुसऱ्या युजरच्या वतीने आत शिरणं) मात्र वेगळ्या कुळातलं, कारण त्यात माणूस खराखुरा डेटाबेस युजर असू शकतो.

आयडेंटिफायरची मर्यादाही ६४ बाइटच. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त धरून, म्हणजे ‘विश्वनाथ कुलकर्णी’ ४९ बाइटांत बसतो पण मधे ‘रामचंद्र’ घातलं की ७४ होतात आणि मावत नाही. तेव्हा युजर आयडी टाकलेला बरा. ओरॅकल एपेक्स, म्हणजे ओरॅकलचं वेब साइट बनवायचं साधन, हे काम स्वतःच करतं: व्ही-डॉलर-सेशन या चालू सेशनांच्या यादीत युजरनेम, कोलन आणि एपेक्सचा सेशन नंबर असा मजकूर दिसतो, लॉगिन न केलेला असेल तर नावाच्या जागी ‘नोबडी’.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी १२८ बाइटचं कॉन्टेक्स्ट इन्फो होतं, २०१६ च्या आवृत्तीत सेशन कॉन्टेक्स्ट आलं, त्यात किंमत रीड-ओन्ली करता येते. पोस्टग्रेसवाले सेट लोकल या कमांडने स्वतःचं व्हेरिएबल ठेवतात आणि ९.५ पासूनच्या रो-लेव्हल सिक्युरिटीच्या (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या) पॉलिसीत ते वाचतात. मायएसक्यूएलमध्ये अ‍ॅट-चिन्हाच्या व्हेरिएबलवर भागवतात.

खरी गोची पूलमध्ये आहे. कनेक्शन परत करताना ओरॅकलची चिठ्ठी पुसली नाही, आणि पुढच्या रिक्वेस्टने नवी लावली नाही, तर भलत्याच्याच नावावर डिलीट चढतो. सेट लोकल ट्रान्झॅक्शनबरोबरच संपतं, म्हणून पीजीबाउन्सर या पोस्टग्रेसच्या पूलरच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन दुसऱ्याला मिळू शकतं तिथं) तेच वापरावं, साधा सेट नको. आणि चिठ्ठी लिहितं अ‍ॅप, डेटाबेस ती तपासत नाही. सामायिक पासवर्ड हाती असलेला कुणीही तिच्यावर साहेबांचं नाव लिहू शकतो.