गालिच्यावरचा पट्टा: लव फिरल्याचा की मळाचा?

व्हॅक्यूम क्लीनर फिरवून झाला, प्लग काढला, मागे वळून पाहिलं तर गालिच्यावर एक ओळ फिकी, शेजारची गडद, पुन्हा फिकी. लगेच मनात येतं की मळ नीट निघाला नाही, नाहीतर यंत्राने गालिचा खराब केला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. पण कधी कधी झालेलंही असतं, आणि दोन्ही प्रकारचे पट्टे लांबून सारखेच दिसतात.

ओळखायची खूण सोपी आहे. खिडकीतून तिरपा उजेड येत असताना पट्टा नीट पाहून घ्या आणि मग गालिच्याच्या समोरच्या टोकाला जाऊन तोच पट्टा पाहा. फिका होता तो गडद आणि गडद होता तो फिका दिसला, तर पट्टा फक्त लवेचा, म्हणजे गालिच्यावर उभ्या असलेल्या धाग्यांचा आहे. कुठूनही पाहिलं तरी गडदच राहिला, तर तो मळाचा किंवा झिजेचा.

हे असं का होतं? कापलेल्या लवेच्या गालिच्यात धागे उभे असतात. धाग्याचं अंग गुळगुळीत असतं, ते उजेड परतवतं. कापलेल्या टोकांमध्ये मात्र उजेड आत शिरून अडकतो आणि तिथे सावली दिसते. लव आपल्याकडे झुकलेली असली की टोकं दिसतात, म्हणून भाग गडद वाटतो. पलीकडे झुकली की अंग दिसतं, म्हणून फिका. व्हॅक्यूमचं तोंड पुढे ढकलताना लव पुढे झोपते, मागे ओढताना उलट फिरते. क्रिकेटच्या मैदानावर टीव्हीत दिसणारे हिरवे पट्टे असेच पडतात: गवत तेच, उंची तीच, रोलरने फक्त ते आलटूनपालटून दोन दिशांना वाकवलेलं असतं. मखमलीवर बोटाने रेघ ओढून पाहा, दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणूनच दाट, मऊ, कापलेल्या लवेवर पट्टे ठळक उमटतात, लूपच्या (धागा न कापता फासासारखा ठेवलेल्या) गालिच्यावर फार कमी, आणि सतरंजीला लवच नसल्याने तिच्यावर नाहीतच. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात तर हा गुण विणतानाच येतो. प्रत्येक गाठ मारताना धागा खाली ओढला जातो, त्यामुळे सगळी लव विणकामाच्या सुरुवातीच्या टोकाकडे झुकते. त्या टोकाकडून गालिचा गडद दिसतो, समोरून उजळ. तो दोष नव्हे.

मळाच्या पट्ट्याची गोष्ट निराळी. आधी रुंदी मोजा. लवेचा पट्टा साधारण यंत्राच्या तोंडाइतका, म्हणजे 25 ते 35 सेंमी असतो. दोन-तीन सेंमी रुंदीच्या दोन समांतर रेघा असतील तर चाकं बघा: स्वयंपाकघरातल्या फरशीवरचा तेलकट थर रबरी चाकांना चिकटतो आणि गालिच्यावर उतरतो. शँपू करून काही आठवड्यांनी पट्टे उमटले, तर साबण पुरता निघालेला नाही. त्या चिकट धाग्यांवर धूळ बसते. आणि भिंतीलगत किंवा बंद दाराखाली काळी रेघ दिसली, तर तिथल्या फटीतून जाणारी हवा गालिचा गाळून घेतो आहे. उदबत्ती, धूप, समई यांची बारीक काजळी त्यात भर घालते. अमेरिका-इंग्लंडात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी राहायला जातानाच या रेघांचे फोटो काढून ठेवावेत. त्या सहसा पूर्ण निघत नाहीत.

खात्री करायला पांढरं ओलसर फडकं पट्ट्यावर दहा वेळा दाबा. फडकं काळं झालं तर मळ. मग 250 मिली कोमट पाण्यात पाव चमचा सौम्य भांड्यांचा लिक्विड साबण घाला, आधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहा, आणि टिपत जा. घासू नका, लव पिंजली जाते. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा, मग कोरड्याने टिपा. लोकरीच्या गालिच्याला ब्लीच आणि कपड्यांची पावडर अजिबात नको.

फडकं स्वच्छ राहिलं पण पट्टा दोन्हीकडून तसाच दिसतो, तर धागा झिजला किंवा वितळला आहे. फिरता ब्रश चालू ठेवून यंत्र एकाच जागी उभं राहिलं की असं होतं. पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम धागा साधारण 165 अंश सेल्सिअसलाच वितळतो, त्यामुळे घर्षणाने त्याची कडक, चकचकीत रेघ तयार होते. बोटाला ती लगेच कळते, आणि ती दुरुस्त होत नाही. लूपच्या गालिच्यात ब्रशने एक फास ओढला, तर स्वेटर उसवावा तशी पूर्ण ओळ निघत जाते. म्हणून लूपवर आणि हातविणीच्या गालिच्यावर ब्रश बंद ठेवून फक्त हवेची खेच वापरा. झालरीवर तोंड नेऊच नका.

लवेचा पट्टा नको असेल तर दूरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत या. ज्या ओळीतून पुढे ढकललं त्याच ओळीतून मागे ओढा, मग तोंडाच्या अर्ध्या रुंदीने बाजूला सरका. पुढे एका ओळीत आणि मागे दुसऱ्या ओळीत नेलं की पट्टे पडणारच. शेवटचा हात नेहमी ओढण्याचा असू द्या. यंत्र ढकलायला जड जात असेल तर उंची एक खाच वाढवा किंवा नळीच्या मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडा. जोर लावून रेटलेल्या तोंडाच्या कडा लवेत रुततात आणि वेगळीच रेघ उठवतात.